कलेक्टरची पिसं

“नाक बदलायचं!” आबा दारातूनच ओरडत आले. “सरांनी सांगितलंय, समद्यांची नाकं बदला. एक बी जुनं ठिवू नका!”

आत्याबाई सोप्यात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. त्यांचं सूप हवेतच थांबलं.

“कुणाची नाकं?”

“बाणांची गं!”

“बाणाला नाक असतंय?”

“असतंय म्हणून तर बदलायचं. काय तरी इचारतीस!”

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई आणि आबा म्हणजे सासरे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं माझ्या. आमचे हे त्या आठवड्यात ट्रेनिंगला नागपूरला गेले होते, आणि ते एका अर्थी बरंच झालं. नाहीतर घरात आणखी एक मत वाढलं असतं.

मी नुकतीच बालवाडीत शिकवून घरी आले होते. चपला काढता काढता म्हटलं, “आबा, नाक नाही हो, नॉक. बाणाच्या मागच्या टोकाला ते खाचेचं प्लास्टिकचं टोपण असतं ना, दोरीत अडकवायचं? त्याला नॉक म्हणतात.”

आबांचा उजवा हात हळूच पाठीमागे गेला.

“मागच्या टोकाला?”

“हो.”

“म्हंजे म्होरचं न्हाई?”

“आबा, पुढचं काय केलंत?”

पाठीमागचा हात पुढे आला. त्यात माझा एक बाण होता आणि त्याचं पुढचं पोलादी टोक जागेवर नव्हतं. फोनवर सरांना नीट समजावं म्हणून आबा बूथवर जाताना बाण बरोबर घेऊन गेले होते. फोनवर बाण कसा दाखवणार होते ते देवाला ठाऊक. येताना वाटेत लोहाराचं दुकान लागलं, तर तेवढ्यात एक नाक उपटूनही झालं.

“आता मला सांग,” आबा रागावून म्हणाले, “मागं नाक कुणाला असतंय? जन्मात बघितलंयस कुणाला?”

ते टोक आबांच्या खिशातच होतं, एवढंच नशीब.

हे बाण ॲल्युमिनियमचे, माझ्या कॉलेजातले. साताऱ्याच्या निकम सरांनी मला तिरंदाजी शिकवली आणि कॉलेज संपताना स्वतःचे जुने बाण, धनुष्यासकट, माझ्या हातात ठेवले. वडील नको नको म्हणत असताना मी ते हट्टाने रुखवतात मांडले. एका पाहुणीने ते हातात घेऊन विचारलं होतं, “गज छान आहेत गं, पण पडदे कुठायत?” नंतर ते आमच्या माळ्यावर पडले. माळ्यावरच्या उंदरांनी प्लास्टिकची पिसं आवडीने खाल्ली, आणि उन्हाळ्यात पत्रा तापून नॉकं तडकली. आणि येत्या रविवारी साताऱ्यात जिल्ह्याची निवड होती. पहिल्या चार मुली राज्याच्या स्पर्धेला जाणार होत्या.

मला जायचं होतं. खूप जायचं होतं. पण खरी धास्ती वेगळीच होती, आणि ती आबांच्या नाकाखाली होती.

आबांची मिशी पंचक्रोशीत प्रसिद्ध. दोन्हीकडे पीळ, मध्ये तेल. त्या मिशीवर त्यांनी पैज लावली होती, तीही गजाच्या सलूनमध्ये, तोंडाला साबण लावलेला असताना. शेजारच्या खुर्चीत ज्ञानू तात्या बसले होते. तात्या म्हणजे आबांचे चुलतभाऊ, भिंतीला भिंत लावून राहणारे, आणि जन्माचे वैरी. वैराचं कारण ऐकाल तर हसाल. सोसायटीच्या ग्रुप फोटोत तात्यांचा फेटा आबांच्या तोंडासमोर आला आणि फोटोत आबांची फक्त डावीकडची अर्धी मिशी आली. तो फोटो सोसायटीत कायमचा लागला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलायचे ते टोमण्यांतच.

“आमची सून राज्याला चाललीय,” आबा साबणातून म्हणाले होते. “न्हाई गेली तर ही मिशी उतरवीन. हितं, ह्याच खुर्चीत.”

“आन गेली तर माझा कलेक्टर तुझा!” तात्या म्हणाले.

कलेक्टर हा तात्यांचा कोंबडा. लालबुंद तुरा, सोनेरी मान, अंगावर अशी लाली की ऊन पडलं की बघत राहावं. तात्यांना मूलबाळ उशिरा झालेलं, पण लोक म्हणायचे, थोरला कलेक्टरच. कलेक्टर भिंतीवर चढून आरवल्याशिवाय तात्या चहा पीत नसत. असली दोन रत्नं पणाला लागली, आणि त्यांच्या मधोमध मी.

माहेरी मी बाण मारते हे पाहुण्यांपासून लपवायचे, एवढी मोठी लाज. आणि हा माणूस साबण लावलेल्या तोंडाने सगळ्या गावाला सांगत सुटला होता. आबा बिनमिशीचे झाले असते तर मला घास गिळला नसता.

“बरं आबा, नॉकचं कळलं,” मी म्हटलं. “पिसांचं काय म्हणाले सर?”

आबांचा चेहरा उजळला. इथे आपण चुकलेलो नाही अशी त्यांची खात्री होती.

“दर बाणाला तीन पिसं. एक कोंबड्याचं, दोन कोंबडीची.”

“काय?”

“आगं, विंग्रजीत म्हणाले. एक कॉक फेदर, दोन हेन फेदर. मला काय विंग्रजी येत न्हाई व्हय? सातवी फायनल हाय मी! कॉक म्हंजे कोंबडा, हेन म्हंजे कोंबडी. आजून फुडं कायतरी सांगत व्हते, तवर फोन खरखरला आन बंद पडला.”

मी विचारात पडले. कॉलेजात बाणांची सगळी डागडुजी सर स्वतः करायचे. आम्ही पोरी फक्त मारायचो आणि गवतातून हुडकून आणायचो. प्लास्टिकच्या आधी खऱ्या पिसांचे बाण असायचे हे मला माहीत होतं. आणि निकम सर म्हणजे माझ्या लेखी देवच. सरांनी सांगितलंय म्हटल्यावर विषय संपला.

“कोंबडीची हायेत आपल्याकडं,” आत्याबाई सूप बाजूला ठेवत म्हणाल्या. “कोंबडा मातुर न्हाई. आपला व्हता त्यो हिच्या माहेरच्यांनी खाल्ला.”

हे मला महिन्यातून एकदा ऐकवलं जायचंच. आता हिशेबात नसलेलं एक जास्तीचं झालं.

आधी नॉकचं काम काढलं. आरशावर बाण लोळवून बघितले. दोन थडथडत गेले, म्हणजे वाकडे. उरले चार. स्पर्धेत एका वेळी तीन मारायचे असतात, म्हणजे हाताशी एकच जादा. सरांनी बाणांबरोबर दिलेल्या डब्यात दोन प्रकारची नॉकं निघाली, नारिंगी आणि पांढरी. पांढरं दोरीत घातलं की बाण आपोआप गळून पडायचा. नारिंगी इतकं घट्ट की ओढून काढावं लागायचं. दोन्ही वाईट. बाण दोरीवर टांगला की नुसता लोंबला पाहिजे, आणि दोरीला टिचकी मारली की सुटून पडला पाहिजे, हा नियम.

आत्याबाईंनी बाजूला बसून दोन्ही ऐकली. त्या गावच्या बायकांची पोलकी शिवायच्या.

“हे तर टिचबटणासारखंच हाय की गं,” त्या म्हणाल्या. “पांढरं ढिलं हाय, त्ये मरू दे, ढिलं काय घट्ट व्हत न्हाई. नारिंगी घे. घट्ट ढिलं करता येतंय.”

मग मी नारिंगी नॉकची खाच पॉलिश पेपरने हळूहळू घासायची, दोरीत अडकवायची, आणि आत्याबाई डोळे मिटून कान द्यायच्या.

“दाट्ट.”

थोडं घासलं.

“आजून दाट्ट. हुक तुटंल त्या बाईचा.”

पुन्हा घासलं. टिच.

“हां! ह्ये बसलं.”

टिचकी मारली, बाण अलगद खाली पडला. मी आत्याबाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघी पहिल्यांदाच एकत्र हसलो. त्या दिवशी माहेरच्यांनी खाल्लेल्या कोंबड्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

नॉक आणि आबांनी उपटलेलं टोक, दोन्ही सोनाराकडच्या लाखेने बसवलं. चौथं नॉक मात्र आबांनी माझ्या हातातून घेतलं. “ह्ये मी बसवणार. माझी बी मिशी हाय त्यात.” नाही कसं म्हणणार? बसवू दिलं.

आता पिसं. कोंबड्याचं पीस मागायला तात्यांकडे जायचं म्हटल्यावर आबा ताडकन उठले.

“मी न्हाई जायचा. त्या ज्ञानूच्या दारात मी नाक घासू?”

“मग मी जाते.”

“तू बी न्हाई जायचं. तू गेलीस काय न् मी गेलो काय, नाक येकच हाय.”

शेवटी आम्ही पळवाट काढली. कलेक्टर रोज भिंतीवर चढायचा तेव्हा त्याची गळालेली पिसं आमच्या बाजूला पडायची. त्यातलं एक बरं बघून घेतलं, दोन आमच्या खुराड्यातून उचलली, कातरून फेव्हिकॉलने एका बाणाला चिकटवली आणि दोन्ही टोकांना दोरा गुंडाळला. दिसायला बाण झकास. अंगणातली वैरणीची गंजी समोर धरली आणि मी अर्धीच दोरी ओढून सोडला.

बाण गंजीकडे निघाला, मध्येच त्याचं मन बदललं, डावीकडे वळून तो शेपूट हलवत हलवत तात्यांच्या भिंतीपलीकडे गेला.

पलीकडे आधी कलेक्टर ओरडला, मग तात्या ओरडले.

ते आमच्या दारात आले तेव्हा त्यांच्या हातात दोरीवर वाळत घातलेला पायजमा होता आणि पायजम्यात माझा बाण होता. नाडीच्या जरासा खाली.

“आबा!” ते म्हणाले. “पैज हरायच्या आधीच मला उडवायला निघालास व्हय रं?”

“तुला मारायचा आसता तर पायजम्यात तू आसताना मारला आसता,” आबा म्हणाले.

तात्यांनी बाण उपटला, उलटासुलटा केला, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. “ह्ये तर माझ्या कलेक्टरचं पीस! चोरी बी करायला लागला तुम्ही?”

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुढे होऊन सगळं सांगितलं. सर, फोन, एक कोंबड्याचं, दोन कोंबडीची. आबा तेवढा वेळ आभाळाकडे बघत उभे राहिले. आभाळात काही नव्हतं.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे माझा कोंबडा जिंकायला माझ्याच कोंबड्याची पिसं?”

“हो, तात्या.”

“सरळ हो म्हणती!” ते आत्याबाईंकडे बघून म्हणाले. “लाजत बी न्हाई.”

“लाजून काय करू?” मी म्हटलं. “मला राज्याला जायचंय.”

मी त्यांच्या हातातून बाण घेतला आणि निरखायला लागले. तेव्हा लक्षात आलं. दोन पिसं एका कुशीला वळली होती आणि तिसरं दुसऱ्या कुशीला. एक डाव्या पंखाचं, बाकीची उजव्या. बाण बिचारा कुणाचं ऐकणार! “तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची पाहिजेत,” मी मोठ्याने म्हटलं. “म्हणजे कोंबड्याची चारही एकाच पंखातली.”

तात्या पायजमा खांद्यावर टाकून निघून गेले. आबा म्हणाले, “बघितलंस? म्हणून म्हणत व्हतो, नाक घासू नका.”

आणि थोड्या वेळाने तात्या परत आले. काखेत कलेक्टर. त्याच्या डोळ्यांवर त्यांनी आपला तळहात धरला होता.

“उपटायची न्हाईत,” ते आत्याबाईंना म्हणाले. “कातरायची. कात्री धारंची आण, तुझी पोलक्याची. आन चारच. पाचवं कातरलं तर बघा.”

त्यांनी स्वतःच कातरली. डाव्या पंखातली चार, लांबसडक, तांबूस सोनेरी. कातरताना कोंबड्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होते. काम झाल्यावर कलेक्टरला खाली सोडलं. तो रुबाबात भिंतीकडे गेला, उडाला, हवेतच एका बाजूला कलला आणि आत्याबाईंच्या तांदळाच्या सुपात पडला. कुणीही हसलं नाही. म्हणजे तात्या जाईपर्यंत.

गावात लगेच चर्चा सुरू झाली. ज्ञानू तात्यांनी पिसं दिली, म्हणजे त्यात नक्कीच काहीतरी काळंबेरं. पिसांना काहीतरी लावलं असेल. गजा म्हणाला, तात्यांना खात्रीच आहे की पोरगी हरणार. आबा सलूनवरून गेले की तो वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासायला लागायचा. आबांनी तो रस्ताच सोडला.

रविवारी आम्ही तिघं साताऱ्याला गेलो. मैदानावर मी बाण काढले आणि हसाहस सुरू झाली. बाकीच्या मुलींच्या बाणांना इवलीइवली रंगीत प्लास्टिकची पिसं, आणि माझे बाण आत्ताच खुराड्यातून बाहेर आलेले. एका मुलीने तर “कुक्कुच कू” पण केलं. तिच्या मास्तरांनी आक्षेपही घेतला. पंचांनी नियमांचं पुस्तक उघडलं, वाचलं, मिटलं आणि म्हणाले, “पिसं म्हणजे पिसंच. मारू द्या त्यांना.”

तेवढ्यात निकम सर आले. त्यांनी एक बाण हातात घेतला. “हेमा, हे काय आहे?”

“कॉक फेदर, सर. एक कोंबड्याचं, दोन कोंबडीची. तुम्हीच सांगितलं ना फोनवर?”

सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आबांकडे बघितलं, मग पुन्हा बाणाकडे. आणि मग ते चक्क गवतात बसले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“अगं बाई, कॉक फेदर म्हणजे फक्त वेगळ्या रंगाचं पीस! बाण दोरीत लावताना ते धनुष्याच्या बाहेरच्या अंगाला आलं पाहिजे, ते ओळखायला वेगळ्या रंगाचं लावतात. उरलेली दोन एका रंगाची, त्यांना हेन म्हणतात. त्यात कोंबडा कुठून आला! आणि प्लास्टिकची पिसं मी बुधवारीच एस.टी.ने पाठवली की, नव्या नॉकसकट. पार्सल पोचलं नाही?”

पार्सल आमच्या स्टँडवर कंट्रोलरच्या टेबलाखाली पडलं होतं. हेच सर फोनवर पुढे सांगत होते, आणि तेवढ्यात फोन खरखरला होता.

मी आबांकडे बघितलं.

“म्हंजे,” ते हळू आवाजात म्हणाले, “कोंबडा लागतच नव्हता?”

“नाही, आबा.”

“ज्ञानूचं पोर आपण उगंच भादरलं.” त्यांनी मिशीवरून हात फिरवला, पण पीळ दिला नाही. “ज्ञानूला सांगू नकोस. वाईट वाटंल त्याला.”

मला तिथेच रडू येईल असं वाटलं. मिशी जायची वेळ आली होती आणि हा माणूस वैऱ्याच्या कोंबड्याचा विचार करत होता. मी मनात म्हटलं, आबा, आज काही झालं तरी तुमची मिशी घेऊनच घरी जायचं.

पहिला बाण सोडला तो फर्रर्र आवाज करत गेला. लोक पुन्हा हसले. पण गेला सरळ. दुसराही सरळ. तिसरा तर पिवळ्यात, अगदी मधल्या रंगात. खऱ्या पिसांना वारा कमी मानवतो म्हणतात, पण त्या दिवशी वाराही हसत थांबला असावा. हळूहळू ‘कुक्कुच कू’ बंद झालं. दुपारपर्यंत मी चौथ्या जागेवर होते आणि ‘कुक्कुच कू’वाली पोरगी पाचव्या, अगदी पाठीला लागलेली.

शेवटच्या फेरीच्या आधी आम्ही मुली बाण काढायला गेलो. माझाच एक बाण माझ्याच दुसऱ्या बाणाच्या मागच्या टोकावर आपटून शेजारी रुतला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इकडे नारिंगी नॉकचे तुकडे गवतात पडलेले.

“काय झालं?” प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडून आबांनी विचारलं.

“नॉक फुटलं, आबा.”

“नाक फुटलं!” आत्याबाई किंचाळल्या आणि माझं तोंड तपासायला दोरीखालून घुसल्या. पंचांनी त्यांना परत पाठवलं.

आता उरला आबांचा बाण. तो मी मुद्दामच मागे ठेवला होता, कारण आबांनी नॉक वाकडं बसवलं होतं. कोंबड्याचं पीस बाहेर यायच्या ऐवजी धनुष्यावरच घासलं असतं आणि बाण पुन्हा कुणाचा तरी पायजमा शोधत गेला असता. आबांना वाईट वाटू नये म्हणून मी बोलले नव्हते. आता बोलावंच लागलं.

“आबा, तुमची काडेपेटी द्या.”

“बिडी वडतीस काय हितं?”

“लाख मऊ करायचीय. नॉक जरा फिरवायचंय.”

आबांनी बाण बघितला. “माझं नाक वाकडं बसलं व्हय?”

“थोडंसं, आबा.”

“मंग आधी बोलायचं न्हाई? मिशी माझी, नाक माझं, आन लाजती तू!”

त्यांनी स्वतःच काडी ओढली आणि दोन्ही हातांचा आडोसा करून धरली. नॉक जळू नये म्हणून ज्योत त्याच्या अलीकडे, नळीवर धरायला मी सांगितलं. दुसरी काडी, तिसरी काडी. नळी तापली, लाख सैल झाली, नॉक बोटाखाली फिरलं. सोनेरी पीस बाहेरच्या अंगाला आलं. फुंकर मारून गार केलं आणि दोरीत अडकवून बघितलं. टिच.

दोरीपलीकडे आत्याबाई डोळे मिटून उभ्या होत्या. “बसलं,” त्या म्हणाल्या.

शेवटचा बाण म्हणून मी तोच ठेवला. ओढला, हनुवटीला दोरी लागली, आणि त्या क्षणी मला राज्याची स्पर्धा दिसली नाही, गजाची खुर्ची दिसली. सोडला. फर्रर्र.

“पिवळ्यात गेला,” आबा घाबरून म्हणाले. “पिवळं म्हंजे पिकलं का गेलं?”

“पिकलं हो, पिकलं!” सर ओरडले, आणि आबांनी सरांना उचलूनच घेतलं.

चौथी आले मी. पुढच्या तिघींपेक्षा बरीच मागे, पण चौथी.

संध्याकाळी एस.टी.तून उतरलो तर बातमी आमच्या आधी पोचली होती. तात्या त्यांच्या दारात उभे होते. काखेत कलेक्टर, धुऊनपुसून लख्ख केलेला, तुऱ्याला तेलबोट लावलेलं. तात्यांनी नवा फेटा बांधला होता आणि त्यांचे डोळे लाल दिसत होते.

“घे,” ते म्हणाले आणि कोंबडा पुढे केला. “सकाळी बाजरी भिजवून लागतीया त्याला. कोरडी खात न्हाई.”

गजा, सोसायटीचे लोक, सगळे जमले होते. आबांनी कलेक्टरला हातात घेतलं. त्याचा डावा पंख उघडला, आत डोकावून बघितलं, बोटाने चाचपलं.

“ज्ञानू, ह्यो कोंबडा पुरा न्हाई.”

“आं?”

“चार पिसं कमी हायेत. पैज पुऱ्या कोंबड्याची लागल्याली. मी आसला अर्धा माल घेत न्हाई.”

“आरं, तुझ्याच सुनंसाठी तर...”

“ते मला म्हाईत न्हाई. पुरा झाला की नेतो. तवर सांभाळ.” आणि त्यांनी कोंबडा परत तात्यांच्या हातात दिला.

तात्यांनी कलेक्टरला पोटाशी धरलं. आबा दोन पावलं जाऊन परत फिरले.

“एक सांग. हरायला लागणार म्हाईत असताना पिसं दिलीस कशापायी?”

“पैज तुझ्याशी लावल्याली,” तात्या म्हणाले. “पोरीशी न्हाई.”

आबांनी मिशीला पीळ दिला, ते घरात आले आणि दाराच्या आड जाऊन उपरण्याने नाक पुसलं.

राज्याच्या स्पर्धेला मी सरांची प्लास्टिकची पिसं लावून गेले. एका बाणावर मात्र कलेक्टरचं पीस ठेवलं, कारण आबांनी बजावलं होतं, ज्ञानू विचारेल. तिथे माझा नंबर खालून मोजलेला बरा. गावात मात्र तात्या मरेपर्यंत सांगत राहिले की राज्याला त्यांचा कलेक्टर गेला होता, आणि कॉक फेदरचा खरा अर्थ आमच्या घरातून कधीच बाहेर पडला नाही.

पण मला आठवते ती त्या दिवाळीनंतरची सकाळ. आबा रोज चहाआधी भिंतीपाशी जायचे, तपासणीला. पहिल्या दिवसापासून एक दिवस चुकला नव्हता. मी अंगणात सडा टाकत होते.

“बघून जा रं आबा,” पलीकडून तात्यांची हाक आली, “उगवली का न्हाईत आजून?”

तेवढ्यात कलेक्टर खालून उडाला, दोन्ही पंख फडफडवत सरळ वर आला, दोघांच्या मध्ये भिंतीवर बसला आणि मान ताठ करून आरवला. आबांनी त्याच्याकडे नीट बघितलं. तात्यांनीही बघितलं.

“न्हाई,” आबा म्हणाले. “आजून एक कमी हाय.”

“मला बी तसंच वाटतंय,” तात्या म्हणाले. “ये, च्या घे.”